इस्क्राचं दार

इस्क्रा दोब्रेवाला वास्तुकलेच्या पहिल्या वर्षाला जो प्रकल्प मिळाला, तो पोरखेळच म्हणायचा. पाऊस थांबेपर्यंत एका माणसाला उभं राहता येईल एवढा आडोसा करा. वर्गातल्या बाकीच्या मंडळींना चेव चढला. कुणी कमानी काढल्या, कुणी छपरावर बाग फुलवली. इस्क्राने पांढऱ्या पुठ्ठ्याच्या तीन भिंती उभ्या केल्या, वर छप्पर ठेवलं आणि थांबली. काम इतकं नेटकं, की कुठे डिंकाचा डाग दिसेना. मिन्कोव्ह सरांनी ते मॉडेल तळहातावर घेऊन फिरवलं, आत डोकावले आणि म्हणाले, "छान. आता समज, मी भिजून आलोय. ओली छत्री कुठे टांगू?"

वर्ग हसला. इस्क्राचे कान लाल झाले. पण सांगितली म्हणून लगेच खुंटी लावणाऱ्यांपैकी ती नव्हती. दूरच्या नदीकाठच्या रूसे शहराची पोर, हट्टी. गुण बरे पडले आणि खुंटी राहिली ती राहिलीच.

दुसऱ्या वर्षी बालवाडी आली. सकाळचं ऊन जेवणघरात यावं, दुपारी निजायच्या खोलीत सावली असावी, असं सगळं तिने बरोबर जमवलं होतं. सर म्हणाले, "आणि कोट? आपल्याकडे हिवाळ्यात पोरं कपड्यांची बोचकी होऊन येतात. ते सगळं उतरवून ठेवायचं कुठे, बाईंच्या डोक्यावर?" तिसऱ्या वर्षी बसस्थानक. लांबच लांब कोरी, सुंदर भिंत आणि वेळापत्रक लावायला इंचभर जागा नाही. तेव्हा मात्र सर हसले नाहीत. सगळे गेल्यावर ते तिच्या टेबलापाशी बसले.

"इस्क्रा, तुझ्याइतका सरळ हात या वर्गात कुणाचा नाही. पण मला एक सांग, तुझ्या भिंतींना खिळ्याची एवढी धास्ती का?"

"विचार करते, सर," ती म्हणाली. विचार कसला करणार! उत्तर तिला ठाऊक होतं. ते रूसेला, चारोदेइका वस्तीत, तिच्या इमारतीच्या 'ब' दारावर चिकटवलेलं होतं.

तिची आई वेसेला गेली तेव्हा इस्क्रा शाळकरी होती. आमच्याकडे माणूस गेलं की त्याच्या फोटोचा कागद इमारतीच्या दारावर लागतो, तसा वेसेलाचाही लागला. नाव, तारीख, दोन ओळींची कविता, खाली शोकाकुल कुटुंबीय. चाळिसाव्या दिवशी दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा आणि पुढे वर्षाच्या वर्षाला एक. बहुतेक घरं चार-पाच वर्षांत थकतात. इस्क्राचा बाप ल्युबेन काही थकला नाही. शाळेत भूगोल शिकवणारा, कमी बोलणारा, जेवताना बातम्या ऐकणारा साधा माणूस. दर नोव्हेंबरात तो स्टेशनजवळच्या छापखान्यातून ताजा कागद घेऊन यायचा आणि जुन्याच्या जागी अगदी सरळ रेषेत चिकटवायचा. फोटो तोच, वर्षाचा आकडा नवा.

इस्क्रा शाळेला जाताना आईसमोरून जायची, येताना आईसमोरून यायची. टपालवाला आधी फोटोकडे बघायचा, मग तिच्याकडे. इमारतीतली पोरं नव्या पोरांना ओळख करून द्यायची, "हिची आई दारावर आहे." येणारा-जाणारा डोक्यावरून हात फिरवायचा, कुणी खिशातली गोळी काढून हातात ठेवायचं. तिला त्या गोळ्यांचा तिटकारा आला. मान खाली घालायची, पायरीकडे बघायचं आणि खांद्याने दार ढकलायचं, ही सवय तिला तेव्हा लागली आणि मोठी झाली तरी सुटली नाही. घरात यावर कधी चकार शब्द निघाला नाही. बाप-लेकीचं एकमेकांवाचून पान हलायचं नाही, वडिलांना ती लाडाने 'ताते' म्हणायची, रविवारी दोघं मिळून चीज घालून पापुद्र्यांची बानित्सा भाजायची. फक्त वेसेला हे नाव दोघांच्या मधून कधी उठून गेलं, ते दोघांनाही कळलं नव्हतं.

चौथ्या वर्षाच्या हिवाळ्यात प्रकल्प आला, राहत्या इमारतीचं प्रवेशद्वार. इमारत ज्याची त्याने निवडायची होती. इस्क्राने फार डोकं खाजवलं नाही. कधीपासून तिला ते दार उखडून फेकायचं होतं, आता कॉलेजच परवानगी देत होतं.

तिने जुन्या पत्र्याच्या दाराची मापं घेतली आणि कागदावर ते नाहीसं केलं. जागेवर फिकट दगडाची खोलगट ओसरी काढली, पिशव्या टेकवायला तिथेच दगडी बाक, आणि मग एकसंध काचेचं रुंद दार. त्याला ओकच्या लाकडाची लांब मूठ. लोखंडी मुठीला हिवाळ्यात हात चिकटतो, हे ती लहानपणापासून भोगत आली होती. सरांनी त्या मुठीपाशी बोट ठेवलं.

"हे चांगलं आहे. इथे पहिल्यांदा तुला माणसाचा हात आठवला," ते म्हणाले. मग त्यांची नजर दोन्ही बाजूंच्या कोऱ्या भिंतींवरून फिरली, पण त्या दिवशी ते आणखी काही बोलले नाहीत. इस्क्रा हवेत तरंगत आपल्या खोलीवर गेली.

ईस्टरला ती मॉडेल मांडीवर घेऊन रेल्वेने रूसेला आली. इमारतीचा कारभार त्सोंका काकूंकडे होता. मुरंब्याच्या कारखान्यात उभं आयुष्य बायकांच्या पाळ्या लावून निवृत्त झालेली बाई. आवाज असा, की तळमजल्यावर बोलली तर गच्चीवरचे कपडे वाळावेत. तिने इस्क्राला जिन्यातच अडवलं.

"केक आणलास का गं?"

"नाही काकू, आपलं दार आहे."

"आपलं? आपलं हे?" काकूंनी चष्मा पुसला, वाकून काचेला बोट लावलं. "अगं बाई! आणि मी मेली प्लास्टिकचं आणायला निघाले होते."

जुनं दार नाहीतरी दोन हिवाळे बंदच होत नव्हतं आणि त्यासाठी वर्गणी गोळा होतच होती. त्याच आठवड्यात सभा भरली. आमच्या सभा जिन्यात भरतात. जो तो आपापलं स्टूल घेऊन येतो आणि पायऱ्यांवर मिळेल तिथे बसतो. तिसऱ्या मजल्यावरचे जेन्चेव्ह, ज्यांचा सगळ्यालाच विरोध असतो, ते उभे राहिले.

"काच पोरं फोडणार. लिहून ठेवा."

"जेन्चेव्ह, तुम्ही लिफ्टलाही विरोध केला होतात," काकू म्हणाल्या. "आता एका मजल्याला लिफ्ट लागते तुम्हाला. बसा खाली."

हशा पिकला आणि दार मंजूर झालं. तेव्हा इस्क्रा उभी राहिली. वाक्य तिने रेल्वेतच घोकून ठेवलं होतं.

"माझी एकच विनंती आहे. काचेवर, दगडावर कुणी काही चिकटवायचं नाही. पाणी बंदची सूचना नको, शिकवणीची जाहिरात नको. एकही कागद नको."

कुणाचा कागद, हे न कळण्याइतकं तिथे कुणी लहान नव्हतं. सगळ्यांचे डोळे आपोआप वळले ते ल्युबेनकडे. तो आपल्या मासे धरायला जायच्या बुटक्या स्टुलावर बसला होता. त्याने लेकीकडे पाहिलं आणि सगळ्यांच्या आधी हात वर केला. मग एकेक करून बाकीचे हात वर गेले, जेन्चेव्हांचासुद्धा. इस्क्राला वाटलं, ताते पण या कागदाला कंटाळला होता तर. माणूस आपल्या सोयीचं तेवढंच बघतो, ती तरी काय वेगळं करणार!

उन्हाळाभर काम चाललं. इस्क्रा सकाळपासून दगडवाल्यांच्या मागे, सुतारांच्या मागे. मूठ तिने दोनदा परत पाठवली, तिसऱ्यांदा स्वतः बसून घासली. कागदावरची रेघ खरी करायची म्हणजे किती माणसांशी भांडावं लागतं आणि कितीदा हार मानावी लागते, हे ती त्या उन्हाळ्यात शिकली. जुनं दार भंगारवाले घेऊन गेले, त्याच्या आदल्या दिवशी ल्युबेनने कोमट पाण्याचे बोळे लावून लावून वेसेलाचा कागद अख्खा सोडवून घेतला होता. इस्क्रा तेव्हा काचवाल्याकडे गेली होती. तिला ते माहीत नव्हतं.

सप्टेंबरात दार उभं राहिलं आणि खरंच देखणं उभं राहिलं. शेजारच्या दारांतली माणसं मुद्दाम बघायला आली. काकू सकाळ-संध्याकाळ काच पुसायच्या आणि बोटांचे ठसे दिसले तर अख्ख्या जिन्याला शिव्या घालायच्या. इस्क्रा त्या दारातून मान वर करून आत शिरली. एवढं तरी तिला लाभायला हवंच होतं, मला तिचा राग येत नाही.

नोव्हेंबरात मिन्कोव्ह सरांनी तिला बोलावलं. कॉलेजच्या वार्षिक प्रदर्शनात विद्यार्थ्यांचे आराखडे लागतात, प्रत्यक्षात उभं राहिलेलं काम कुणाचंच नसतं. तुझ्या दाराचे चांगले फोटो आण, म्हणाले. इस्क्राने मैत्रिणीचा भारी कॅमेरा मागून घेतला आणि घरी न कळवता सकाळच्या गाडीने रूसेला उतरली. आभाळ भरलेलं, उजेड सारखा पसरलेला. काचेचा फोटो घ्यायला याहून चांगला दिवस नाही.

रस्त्याच्या कडेला उभं राहून तिने कॅमेऱ्यातून पाहिलं आणि तिचं डोकं सणकलं. काचेच्या ऐन मध्यावर एक पांढरा चौकोन. नियम होऊन वर्षही होत नाही तोच कुणीतरी कागद डकवला होता. ती तरातरा गेली आणि बाहीने काच घासली. चौकोन जाईना. वाकून पाहिलं तर तोही सरकला. मग तिच्या लक्षात आलं, की तो काचेवर नव्हताच, काचेत दिसत होता. ती मागे वळली.

कचऱ्याच्या पेट्यांशेजारी लिंडेनचं झाड आहे. त्याच्या बुंध्याला सुतळीने बांधलेली वेसेला होती. सालीवर कागद चिकटत नाही, म्हणून सुतळी. रात्रीच्या पावसाने शाई उतरून गळ्याखाली ओघळ आले होते. आज कुठली तारीख आहे, हे इस्क्राला त्या कागदावर वाचून कळलं.

पुढे तिने जे केलं ते कितीही तिच्या बाजूने सांगायचं म्हटलं तरी सांगता येत नाही. तिने सुतळी सोडली. कागद बाकावर पालथा ठेवला, फ्रेमच्या बाहेर. आणि ऊन पडायच्या आत फोटो घेतले. फोटो सरळ आले. तिचा हात सरळच होता.

"इस्क्रा!" वर खिडकी उघडली होती. त्सोंका काकूंचा आवाज पहिल्यांदाच बारीक निघाला. "आईला खाली उतरवलंस? वाऱ्यापावसाने नेलं तर नेलं, पण असा कागद हाताने कुणी काढत नाही गं पोरी. दुश्मनाचासुद्धा कुणी काढत नाही."

इस्क्रा काही बोलणार तेवढ्यात ल्युबेन कोपऱ्यावरून आला. स्मशानातून येत होता. नवा कोट, बुटांना चिखल, हातात फडक्यात बांधलेलं पातेलं. त्याने रिकामं झाड पाहिलं, लेकीच्या हातातली सुतळी पाहिली.

"पडला होता का?" त्याने विचारलं. तिला सुटायला वाट करून देत होता बिचारा.

हो म्हणाली असती तर सगळं तिथेच मिटलं असतं.

"नाही ताते. मी काढला. फोटोत येत होता."

त्याने मान हलवली. बाकावरचा कागद उचलून कोटाला न लागेल असा धरला. "भिजलाय. वर चल, रेडिएटरवर वाळेल."

स्वयंपाकघरात त्याने कागद पसरला, हात धुतले आणि म्हणाला, "बघू तरी, कसे आलेत फोटो." एकेक फोटो चष्मा वर करून नीट पाहिला. "सुंदर आलंय गं दार." तिला वाटलं होतं तो रागावेल. तो रागावला असता तर तिला सोसलं असतं. तिचा बांध फुटला.

"तू हात का वर केलास तेव्हा? नको म्हणायचंस ना! सगळ्यांनी तुझंच ऐकलं असतं!"

"तू त्या दारातून मान खाली घालून जायचीस, इस्क्रे. मला काय दिसत नव्हतं?"

"मग इतकी वर्षं लावत कशाला राहिलास?"

ल्युबेनने सिगारेट काढली आणि न पेटवताच टेबलावर ठेवली. एवढं बोलायची त्याला सवय नव्हती.

"कागद बदलला की लोक मला जिन्यात थांबवायचे. कुणी म्हणायचं, वेसेला असती तर असं झालं असतं. कुणी म्हणायचं, वेसेलाने एकदा काय केलं माहितीय का. आठ-दहा दिवस चालायचं ते. ते मला वर्षभर पुरायचं. घरात तिचं नाव कुणी घेत नव्हतं. तू घेत नव्हतीस, म्हणून मी घेत नव्हतो. वाटायचं, तुला सहन होत नाही."

"मला वाटायचं, तुला होत नाही."

आपण किती मूर्ख आहोत, हे एकदम कळलं की माणसाला रडू येतं का हसू, ते सांगता येत नाही. इस्क्राला रडू आलं.

"या वेळी झाडापाशी कुणी थांबलं नाही," ल्युबेन म्हणाला. "लोक तिथे कचरा टाकतात आणि पळतात."

ती ताडकन उठली. "चल. मी लावते काचेवर. नियम माझाच होता, गेला खड्ड्यात."

"नको. असा ओला, फाटका नको. आणि दार तुझं चांगलं झालंय. वेसेलाला आवडलं असतं." नाव घेतल्यावर त्याने चपापून लेकीकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती. मग त्याने घसा खाकरला आणि पातेल्यावरचं फडकं सोडलं. "हे गहू वाटायचे राहिलेत. निवतील."

शिजवलेले गहू, वर साखर, अक्रोडाचा चुरा. दर वर्षी वेसेलाच्या नावाने हे वाटप ल्युबेन एकटा करायचा आणि इस्क्रा दार लावून अभ्यास करत असायची. आज तिने कपाटातून कागदी कप काढले, भरले, ट्रेमध्ये मांडले आणि ट्रे त्याच्या हातून काढून घेतला.

त्सोंका काकूंनी दार उघडलं ते तोंड फुगवून. इस्क्रा म्हणाली, "काकू, आईसाठी. वेसेलासाठी." काकूंनी कप घेतला, "देव तिला क्षमा करो," म्हणाल्या आणि मग दुसऱ्या हाताने पोरीची मान खाली ओढून तिच्या कपाळावर आपलं कपाळ टेकवलं. जेन्चेव्हांनी एक घास खाल्ला आणि म्हणाले, "साखर कमी आहे. वेसेला जास्त घालायची." थोडं थांबून म्हणाले, "माझ्याशी भांडायची तुझी आई. या जिन्यात माझ्याशी धड भांडणारी तेवढी एकच होती." आणि दार लावून घेतलं. प्रत्येक मजल्यावर नाव थोडं सोपं होत गेलं.

सगळ्यात वरच्या मजल्यावर ऑक्टोबरात नवं बिऱ्हाड आलं होतं. कडेवर तान्हं घेतलेल्या एका तरुण मुलीने दार उघडलं. रीत तिला ठाऊक होती. कप घेऊन तिने "देव क्षमा करो" म्हटलं आणि विचारलं, "कुणासाठी?"

"वेसेलासाठी."

"कोण वेसेला?"

मुलीने अगदी साधेपणाने विचारलं होतं. इस्क्रा ट्रे धरून उभी राहिली. हा प्रश्न या इमारतीत आजवर कुणी विचारला नव्हता, विचारूच शकलं नसतं. टपालवाला, गॅसवाला, कालचा भाडेकरू, सगळे आधी त्या चेहऱ्यासमोरून वर चढायचे. ही मुलगी स्वच्छ काचेतून आत आली होती. तिच्यासाठी वेसेला कधी नव्हतीच. आणि हे दार इस्क्राने स्वतः घडवलं होतं, मूठ घासून घासून.

"माझी आई," ती म्हणाली. "आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. ती..." इतकी वर्षं तिने हे वाक्य इथवर कधी आणलंच नव्हतं.

"आत या ना," मुलगी म्हणाली. "हा झोपत नाहीच आहे."

"नको, इथेच बरं आहे." मग ती बोलू लागली. आधी चाचरत, मग भराभर. "ती शिट्टी वाजवायची. बोटं तोंडात घालून, टांगेवाल्यासारखी. खिडकीतून मला तशीच हाक मारायची. आणि एक सांगू? उन्हं चांगली पडली, की मला शाळेला दांडी मारायला लावायची. खरंच! मला घेऊन नदीवर जायची, आम्ही धक्क्यावर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलायचो आणि पलीकडून येणारी जहाजं मोजायचो. परत येताना म्हणायची, तातेला सांगायचं नाही हं, तो मास्तर आहे, त्याचा जीव जाईल."

मुलगी हसली. इस्क्राही हसली, पुढचं सांगू लागली.

दोन मजले खाली, कठड्याला धरून, रिकामं पातेलं हातात घेऊन ल्युबेन उभा होता. इतकी वर्षं वेसेलाच्या त्याच त्याच गोष्टी त्याने जिन्यात ऐकल्या होत्या, त्याला पाठ होत्या. ही मात्र तो आज पहिल्यांदा ऐकत होता.